बंगल्यामागे स्विमिंग पूल बांधताय? खान्देशात आधी पाणी, माती आणि उद्याचा खरेदीदार पाहा

तलावामुळे घराची किंमत वाढते की विकताना तोच अडचण ठरतो? कोणत्या जागेला कोणता प्रकार योग्य? जळगाव-धुळ्याच्या संदर्भात समजून घ्या संपूर्ण गणित

मे महिन्यात जळगाव, भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात, कूलरची हवाही गरम लागते. अशा वेळी घरामागच्या मोकळ्या जागेत गार पाण्याचा तलाव असावा, असे कोणाला वाटणार नाही? शहराबाहेरची फार्महाऊस, नव्या वसाहतींतले मोठे प्लॉट आणि मळ्यातली घरे, सगळीकडे हा विचार आता बोलून दाखवला जातो. ठेकेदार मोबाइलवर निळ्याशार तलावांचे फोटो दाखवतो आणि जाता जाता एक वाक्य टाकतो : 'घराची किंमतही वाढेल.'

खान्देशात हे वाक्य प्रत्येक घराला लागू पडत नाही. तलावासाठी स्वतःचे पाणी आहे का, खाली माती कोणती आहे आणि ते घर पुढे कोण विकत घेऊ शकते, या तीन प्रश्नांवर उत्तर बदलते. काही लाख रुपये जमिनीत घालण्याआधी हे तिन्ही प्रश्न सोडवलेले बरे.

पाणी नेमके किती लागते?

समजा, तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल आहे. त्यात ४४,८०० लिटर पाणी मावते. १० हजार लिटरच्या टँकरने भरायचा तर साडेचार खेपा.

पण खरा खर्च भरण्याचा नाही, भरलेले राखण्याचा आहे. उन्हाळ्यात खुल्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने रोज खाली जाते. कडक उन्हात आणि वाऱ्यात ती दिवसाला १० मिलिमीटर घटली असे धरले, तर ३२ चौरस मीटरच्या या तलावातून रोज ३२० लिटर पाणी उडून जाते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हा मापदंड वापरला जातो. म्हणजे दोन माणसांच्या वाट्याहून अधिक पाणी रोज नुसते हवेत जाते. वर्षभरात पातळी दीड मीटरने घटली असे धरले तरी हा आकडा ४८ हजार लिटर होतो. तलाव एकदा पूर्ण भरून उरेल इतके हे पाणी आहे. फिल्टर धुण्यासाठी लागणारे पाणी यात धरलेले नाही.

हे पाणी येणार कुठून? जळगाव शहर वाघूर धरणावर अवलंबून आहे. धुळ्याची भिस्त तापी योजना, नकाणे तलाव आणि डेडरगाव तलावावर आहे. दोन्ही शहरांतल्या अनेक वसाहतींत रोज नळ येत नाही. ज्या गल्लीत नळाचा दिवस पाहून पाहुण्यांना बोलवावे लागते, तिथे महापालिकेच्या पाण्यावर तलाव चालवणे व्यवहार्य नाही आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येणारेही आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते.

राहिली बोअर किंवा विहीर. तिचे पाणी मे महिन्यात किती असते, हे पाहूनच निर्णय घ्यावा. जानेवारीतला धो धो पाण्याचा पंप पाहून नव्हे. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात भूजल वर्षानुवर्षे खोल गेले आहे. तिथे घरच्या तलावाची स्पर्धा थेट बागेशी होते.

त्यावर एक साधा उपाय आहे. वापर नसताना तलाव झाकून ठेवला तर उडून जाणारे बरेच पाणी वाचते आणि पाचोळा-धूळही पडत नाही. त्यामुळे आच्छादनाचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.

माती का महत्त्वाची?

जळगाव जिल्ह्यात तापीच्या काठाने गाळाचे खोल थर आणि काळी माती आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात एप्रिलमध्ये पडणाऱ्या भेगा त्याचीच खूण आहेत. घराच्या भिंतींना तडे देणारी हीच हालचाल तलावाच्या भिंतींवर आणि तळावरही जोर लावते. काँक्रीटला बारीक तडा गेला की पाणी मातीत झिरपते, तेवढ्या भागातली माती आणखी फुगते आणि तडा रुंदावतो. गळती आणि तडा एकमेकांना वाढवत राहतात.

यावर अभियांत्रिकीत माहीत असलेला मार्ग आहे. काळी माती काही खोलीपर्यंत काढून तिथे न फुगणाऱ्या मुरमाचा थर दाबून भरायचा आणि त्यावर बांधकाम करायचे. काळ्या मातीतल्या कालव्यांचे अस्तर टिकावे म्हणून आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी अशा न फुगणाऱ्या थराचे तंत्र विकसित केले होते. तलावालाही तेच तत्त्व लागू होते. मात्र त्यासाठी खोदाई, मुरूम आणि रोलिंगचा खर्च वाढतो. ज्या अंदाजपत्रकात हा खर्चच नाही, ते स्वस्त दिसणारच.

धुळे जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी चित्र उलटे आहे. थोड्या खोदाईनंतर मुरूम आणि काळा पाषाण लागतो. पाया घट्ट मिळतो, पण खोदायला ब्रेकर लावावा लागतो आणि खर्च तिथे वाढतो. अर्थात, शिरपूर तालुक्यात तापीकाठी गाळाची जमीन आहे आणि जळगाव जिल्ह्यातही डोंगराच्या बाजूला मुरूम सापडतो. त्यामुळे जिल्ह्यावरून अंदाज न बांधता जागेवर खड्डा घेऊन माती तपासून घेणे हाच मार्ग.

कोणता प्रकार कोणासाठी?

*काँक्रीटचा तलाव :* हवा तो आकार, हवी ती खोली आणि वर टाइल्स. नीट बांधला तर सर्वांत टिकाऊ, पण सर्वांत महाग आणि एकदा बांधला की हलवता न येणारा. पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामासाठी आयएस ३३७० हे भारतीय मानक आहे, तर जमिनीखालच्या टाक्या आणि जलतरण तलावांच्या जलरोधनासाठी आयएस ६४९४. ठेकेदाराला ही दोन मानके माहीत आहेत का, हा विचारण्यासारखा पहिला प्रश्न. घरच्या पाण्याच्या टाकीसारखाच बांधू, असे उत्तर आले तर थांबावे.

*फायबरग्लासचा तयार तलाव :* कारखान्यात एकसंध साचा तयार होतो, जागेवर खड्डा करून तो बसवतात. काम लवकर होते, पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने शेवाळ कमी धरते. मात्र तो ट्रकने येतो आणि क्रेनने उतरतो. अरुंद गल्लीत, विजेच्या तारांखालून तो बंगल्यामागे जाईल का, हे आधी पाहावे. पावसाळ्यात तो रिकामा ठेवणेही धोक्याचे. आजूबाजूची माती पाण्याने भरलेली असताना हलका रिकामा साचा खालच्या दाबाने वर उचलला जाऊ शकतो.

*पॅनेल आणि लायनरचा तलाव :* बाजूला पॅनेल, आत पीव्हीसीचे जाड अस्तर. माती थोडी हलली तरी अस्तर काँक्रीटसारखे लगेच तडकत नाही. काँक्रीटपेक्षा खर्च कमी. पण उन्हाने अस्तर जुने होते आणि साधारण दहा वर्षांत बदलावे लागते. घर विकताना अस्तराचे वय हा घासाघिशीचा मुद्दा ठरतो.

*छोटा डुंबण्याचा तलाव :* ३ मीटर बाय २ मीटर, १.२ मीटर खोल. पाणी फक्त ७,२०० लिटर, वर धरलेल्या हिशेबाने बाष्पीभवन रोज ६० लिटर. पोहता येत नाही, पण दुपारी गार पाण्यात बसता येते. खान्देशातल्या बहुतेक घरांची खरी गरज एवढीच असते.

*जमिनीवर उभा करायचा फ्रेमचा तलाव :* उन्हाळ्यात लावायचा, पावसाळ्याआधी घडी करून ठेवायचा. खर्च लाखांत नाही, हजारांत. मात्र तो गच्चीवर ठेवण्याचा मोह टाळावा. एक मीटर खोल पाण्याचे वजन दर चौरस मीटरला १,००० किलो असते. घराच्या स्लॅबचे आरेखन करताना माणसे-सामानाचा भार साधारण २०० किलो धरलेला असतो, गच्चीसाठी त्याहूनही कमी.

खान्देशचा जुना मार्ग : विहिरीजवळचा हौद

मळ्यात घर असलेल्यांसाठी आणखी एक पर्याय आहे आणि तो नवा नाही. विहिरीच्या मोटारीचे पाणी हौदात सोडायचे आणि तिथून ते पिकाला द्यायचे. उन्हाळ्याच्या सुटीत गावातली पोरे अशाच हौदात डुंबत मोठी झाली आहेत.

हिशेब पाहा. ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, १.३ मीटर खोल हौदात २३,४०० लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात केळीच्या मोठ्या झाडाला ठिबकने दिवसाला २० लिटर धरले, तर हे पाणी सुमारे १,१७० झाडांना एक दिवस पुरते. ५ बाय ५ फुटांवर लागवड असेल तर एकरात साधारण १,७४० झाडे बसतात. म्हणजे हौद एकदा भरला की पाऊण एकराच्या आसपासचे एका दिवसाचे पाणी. शेतीपंपाला वीज चोवीस तास नसते, त्यामुळे असा साठा शेतकऱ्याला तसाही लागतो.

इथे पाणी रोज पिकाला जाते आणि ताजे येते. त्यामुळे मोठ्या फिल्टरची गरज कमी होते. काही काळजी मात्र घ्यावी लागते. खतांचे द्रावण हौदात न करता वेगळ्या टाकीत करावे. मिठाच्या पाण्यातून क्लोरिन तयार करणारे यंत्र इथे लावू नये, कारण तलावातले खारट पाणी पिकाला आणि जमिनीला चालत नाही. पायऱ्या आणि धरायला कठडा बांधतानाच घ्यावा.

प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्याचा मात्र पोहण्यासाठी विचारही करू नये. अस्तर निसरडे असते, उतार तीव्र असतो आणि आत पडलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. शेततळ्यात बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या राज्यात दर वर्षी येतात. शेततळ्याला कुंपण हवेच, शिवाय काठाला पक्का बांधलेला दोर आणि तरंगती ट्यूबही हवी.

मग घराची किंमत वाढते का?

अमेरिकेत फ्लोरिडा, ॲरिझोनासारख्या उष्ण राज्यांत घरामागे तलाव असणे ही सामान्य गोष्ट आहे. तिथला खरेदीदार तो गृहीत धरतो, म्हणून त्याला मोल मिळते. थंड राज्यांत तोच तलाव खरेदीदाराला देखभालीचे ओझे वाटतो. म्हणजे किंमत तलावाला नसते, तलाव हवा असणाऱ्या खरेदीदारांच्या संख्येला असते. जळगाव-धुळ्यात उष्णता फ्लोरिडाहून कमी नाही, पण पाण्याची हमी नाही. त्यामुळे इथे गिऱ्हाइकांची संख्या चार कारणांनी घटते.

पहिले कारण, किमतीचा मोठा भाग जमिनीचा असतो. सरकारी मूल्यदर तक्त्यात जमिनीचा दर आणि बांधकामाचे क्षेत्र, प्रकार व वय पाहिले जाते. बँकेचा मूल्यांकनकारही आसपासचे व्यवहार पाहतो. आसपास तलाव असलेले घर विकलेच गेले नसेल, तर तुलना करायला काही नसते. त्यामुळे तलावावर झालेला खर्च जसाच्या तसा मूल्यांकनात उमटेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

दुसरे, मोठा प्लॉट अनेकदा बांधकाम व्यावसायिक घेतो. त्याला तिथे रो-हाऊस किंवा अपार्टमेंट उभारायचे असते. त्याच्या लेखी तलाव म्हणजे बुजवायचा खड्डा आणि त्याचा खर्च तो किमतीतून वजा करतो.

तिसरे कारण फार्महाऊसवाल्यांसाठी सर्वांत महत्त्वाचे. महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच विकता येते. १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला ती घेण्यासाठी परवानगी लागते. म्हणजे तलाव पाहून खूश झालेला शहरातला डॉक्टर किंवा व्यापारी शेतकरी नसेल, तर केवळ पैसे आहेत म्हणून ते फार्महाऊस घेऊ शकत नाही. आणि जो शेतकरी घेऊ शकतो, तो आधी विहीर, वीज आणि रस्ता पाहतो. त्याच्यासाठी टाइल्सच्या तलावापेक्षा पाण्याने भरलेल्या हौदाला मोल अधिक.

चौथे, वास्तू. कोणाचा विश्वास असो वा नसो, घर पाहायला येणाऱ्यांपैकी बरेच जण पाणी ईशान्येला आहे का, हे विचारतात. तलाव नैऋत्येला असेल तर काही गिऱ्हाईके तिथूनच परततात. जागा निवडण्याची मुभा असेल, तर हा प्रश्न आधीच मिटवता येतो.

'परत मिळतील' की 'वापरून फेडायचे'?

केवळ समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. तलावावर १० लाख खर्च झाला. रसायने, वीज, सफाई आणि दुरुस्ती मिळून वर्षाला ६० हजार धरले, तर ७ वर्षांत ४ लाख २० हजार. एकूण १४ लाख २० हजार. घरच्यांनी वर्षातले १०० दिवस तलाव वापरला, तर ७ वर्षांत ७०० दिवस. म्हणजे वापराच्या प्रत्येक दिवसाला सुमारे दोन हजार रुपये. वापर ३० दिवसांवर आला तर हाच आकडा पावणेसात हजारांवर जातो.

विजेचाही हिशेब हवा. एक एचपीचा फिल्टर पंप रोज सहा तास चालला तर दिवसाला साधारण साडेचार युनिट, महिन्याला १३५ युनिट लागतात. शेतीच्या वीजजोडणीवर बंगल्याचा तलाव चालवणे हा अनधिकृत वापर ठरतो. बोअरचे पाणी जड असेल तर टाइल्सवर आणि पाइपांत पांढरा थर बसतो; तो काढण्याचा खर्च वेगळा.

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. हा खर्च हौस म्हणून परवडत असेल, तर प्रश्नच नाही. पण 'विकताना निघून येतील' या भरवशावर कर्ज काढून तलाव बांधणे जोखमीचे. तलाव बांधलाच, तर त्याची सगळी बिले जपून ठेवावीत. घर विकताना भांडवली नफा मोजताना सुधारणेचा खर्च दाखवायला तीच कामी येतात. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर दीर्घकालीन नफ्याला १२.५ टक्के दर आहे. त्या तारखेआधी घेतलेल्या घराबाबत निवासी व्यक्तींना इंडेक्सेशनसह २० टक्क्यांच्या जुन्या पद्धतीने होणाऱ्या कराशी तुलना करून कमी कर भरण्याची सोय आहे. कोणते फायद्याचे, हे सीएकडून तपासून घ्यावे.

मुलांची सुरक्षा : इथे तडजोड नको

लहान मूल दोन फूट पाण्यातही बुडू शकते आणि बुडताना बहुतेक वेळा आवाज होत नाही. फ्रान्सने २००३ मध्ये कायदा करून जमिनीत बांधलेल्या खासगी तलावांना कुंपण, अलार्म, आच्छादन किंवा छत यापैकी एक उपाय सक्तीचा केला. आपल्याकडे कोणी सक्ती करण्याची वाट पाहू नये. तलावाच्या चारही बाजूंनी किमान चार फूट उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक असावे. घराची भिंत ही चौथी बाजू धरू नये, कारण मूल घराच्या दारातूनच बाहेर येते. पंप आणि पाण्यातल्या दिव्यांच्या वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक ब्रेकर आणि पक्के अर्थिंग हवे. घर पाहायला येणाऱ्या नातवंडवाल्या कुटुंबालाही हे कुंपणच आधी दिसते.

थोडक्यात, कोणी काय निवडावे?

- महापालिकेच्या नळावर अवलंबून असलेला बंगला : फ्रेमचा तलाव किंवा डुंबण्याचा छोटा तलाव, तोही पाण्याची सोय पाहून. मोठा तलाव टाळावा.
- स्वतःची भरवशाची विहीर किंवा बोअर, जागा मोठी आणि दहा-पंधरा वर्षे तिथेच राहायचे : मातीची तपासणी करून काँक्रीट किंवा लायनरचा तलाव.
- पाच वर्षांत घर विकण्याचा विचार : काढता येईल असाच प्रकार.
- मळ्यातले घर : पायऱ्या, कठडा आणि कुंपण असलेला हौद.

ठेकेदाराला होकार देण्याआधी

१. मे महिन्यातले विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मोजा.
२. जागेवर खड्डा घेऊन काळी माती किती खोल आहे ते पाहा. मुरूम भरण्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा लिहून घ्या.
३. तलाव मंजूर नकाशात दाखवून परवानगी घ्या. नकाशात नसलेले बांधकाम पुढच्या खरेदीदाराच्या बँक कर्जात अडथळा ठरते.
४. टाइल्स लावण्याआधी तलाव पाण्याने भरून काही दिवस ठेवा, पातळीची खूण करा. शेजारी तेवढ्याच पाण्याची बादली ठेवा. दोन्हींत पाणी सारखे घटले तर ते बाष्पीभवन. तलावात जास्त घटले तर गळती.
५. गळतीची हमी किती वर्षांची आणि दुरुस्ती कोण करणार, हे लेखी घ्या.
६. तलाव बुजवायचा झाला तर किती खर्च येईल, हेही त्याच ठेकेदाराला विचारा. उद्याचा खरेदीदार घासाघीस करताना हाच आकडा पुढे करणार आहे. तो आज ऐकून पोटात गोळा आला, तर छोटा तलाव निवडलेला बरा.